तूट किती धरायची?

वर्षातून एकदोनदा ती बातमी येतेच. दुपारची वेळ, घरात एकटी बाई, दारात दोन तरुण, हातात भांडी घासायच्या पावडरीच्या पुड्या. आधी तांब्याचा गडू लख्ख करून दाखवतात, मग देवघरातली चांदीची निरांजनं, मग हळूच हातातल्या पाटल्यांकडे बोट करतात. ‘दागिने उजळून देण्याच्या बहाण्याने’ हे शब्द वार्ताहरांना आता तोंडपाठ झालेत. लोक चुकचुकतात आणि पान उलटतात. मला मात्र पहिला प्रश्न पडतो तो वजनाचा. पाटल्या परत मिळाल्या असतील, तर किती कमी भरल्या?

सोनाराच्या घरात जन्मलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. आमचं दुकान विट्याला, सराफकट्ट्यावर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी काही ऐरणीवर बसलो नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, ॲल्युमिनियमला चकाकी देणाऱ्या आम्लाच्या टाक्यांपाशी काढली. म्हणजे धंदा बदलला तरी काम तेच राहिलं. अण्णा चिनी मातीच्या बरणीतून करायचे ते मी हजार लिटरच्या टाकीतून केलं. दोन्हीकडे एकच हिशेब शिकलो. आम्लानं उजळणं म्हणजे वरून काहीतरी लावणं नव्हे, वरचं काहीतरी काढून घेणं. जी चकाकी दिसते तिच्यापोटी धातूचा एक थर गेलेला असतो. तो थर किती, आणि गेला तो कुणाच्या पदरात, या दोन प्रश्नांभोवती हा सगळा धंदा शतकानुशतकं फिरत आलाय.

दागिना काळवंडतो कशानं, ते आधी सांगतो. बावीस कॅरेट म्हणजे हजारांत 916 भाग सोनं. राहिलेले 84 भाग तांबं आणि चांदी. सोन्याला हवा, घाम, साबण काही करू शकत नाही. काळे पडतात ते हे 84. घडवतानाही तीच कथा. कडी जोडायला झाळ दिली, फुंकणीची ज्योत फिरली, की पृष्ठभागावरचं तांबं जळून काजळतं आणि वर टाकणखाराची काचेसारखी खपली धरते. सोनाराच्या हातून नुकता उतरलेला दागिना बघितलात तर तुम्ही घेणार नाही. भाजलेल्या वांग्याचं साल बरं, असा रंग असतो. त्याला झळाळी येते ती शेवटच्या धुण्यात.

या धुण्याचं सगळ्यात जुनं आम्ल आपल्या स्वयंपाकघरातलं. चिंच, कोकम, लिंबू, आंबट ताक. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइड विरघळवतं आणि खालच्या धातूला जवळजवळ हात लावत नाही, म्हणून पितळेच्या समया आणि पूजेची ताम्हनं पिढ्यान्पिढ्या चिंचेनं घासूनही टिकली. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी याच आंबटाच्या जोरावर उभी राहिली. पेशवाईच्या आश्रयानं कोकणातून आलेले हे तांबट. भट्टीतून निघालेला हंडा काळाकुट्ट असतो. तो आंबट पाण्यात धुतला की गुलाबी होतो आणि मगच त्याच्यावर मठारकामाचे ठोके बसतात. काजळी तशीच ठेवून ठोकलं तर ती धातूत रुतून बसते. कल्हईवाल्याचा नवसागरही याच कुळातला. तापलेल्या पातेल्यावर चिमूटभर टाकला की जो पांढरा धूर निघतो, त्यातल्या आम्लानं तांबं साफ होतं आणि तेवढ्यात कथील धरतं. लहानपणी तो धूर नाकात गेलेला कुणीही विसरणार नाही.

चिंचेनं मळ निघतो, पण सोन्यातली भेसळ निघत नाही. त्यासाठी तेजाब लागतं आणि तेजाबाची गोष्ट लांबून येते.

अबुल फजलनं ऐन-इ-अकबरीत बादशाही टांकसाळीवर प्रकरणं लिहिलीत, ती प्रत्येक सोनारानं वाचावीत अशी आहेत. त्यातली सोनं शुद्ध करायची रीत कोरडी आहे. सोन्याचे पातळ पत्रे करायचे, त्यांना सोरा आणि कच्च्या विटेची पूड यांचं मिश्रण फासायचं आणि गोवऱ्यांच्या जाळात ठेवायचं. उष्णतेनं मिश्रणातून निघालेले आम्लधर्मी वायू पत्र्यातली चांदी खातात, ती राखेत उतरते आणि सोनं जागच्या जागी राहतं. मला यातली आवडती गोष्ट पुढची आहे. ती राख टाकून देत नसत. तिच्यातून चांदी परत काढण्याची पद्धत तिथेच दिली आहे आणि टांकसाळीच्या कामगारांत माती-राख धुऊन धातू काढणाऱ्याचीही नोंद आहे. अकबराच्या दरबारालासुद्धा तूट सोडवत नव्हती.

ओलं तेजाब आपल्याकडे रसशास्त्राच्या उत्तरकालीन ग्रंथांत शंखद्राव या नावानं भेटतं. सोरा, तुरटी, हिराकस, नवसागर असे क्षार एकत्र करून ऊर्ध्वपातनानं काढलेला हा द्राव. आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी हिंदू रसायनाच्या इतिहासाचे दोन खंड 1902 आणि 1909 मध्ये काढले, त्यांत यावर चांगली चर्चा आहे. वैद्याच्या हातात तो पोटदुखीवरचं औषध होता, सोनाराच्या हातात गेल्यावर त्याचा मार्ग बदलला. मातीच्या मडक्यांतून गाळलेलं हे आम्ल महाग पडे आणि थोडंथोडंच मिळे.

स्वस्ताई आली ती इंग्लंडातून. 1746 मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक यानं काचेच्या भांड्यांऐवजी शिशाच्या पत्र्याच्या खोल्यांत गंधकाम्ल बनवायला सुरुवात केली. काच फुटते, शिसं फुटत नाही; खोली पाहिजे तेवढी मोठी करा. रोबक आणि त्याचा भागीदार सॅम्युएल गार्बेट यांचा मूळ धंदा काय होता? सोन्याचांदीच्या कारागिरांचा केर शुद्ध करून देण्याचा. ज्या आम्लावर पुढे कापडाचा, खताचा, रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला, ते स्वस्त करण्याची खटपट सोनारगल्लीच्या झाडलोटीतून निघाली होती. पाठ्यपुस्तकं हे सांगत नाहीत.

बर्मिंगहॅमच्या पितळकाम करणाऱ्यांनी या आम्लाचं सोनं केलं. बटणं, बिजागऱ्या, दिव्यांची फुलं तीव्र आम्लात क्षणभर बुडवून काढायची, की कानशीही न लावता झगमग. जर्मन कारागिरांच्या पाककृतीत नायट्रिक, गंधकाम्ल, चिमूटभर मीठ आणि चुलीच्या धुराड्यातली काजळी असे. काजळी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. ती नायट्रिकमधून थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड मोकळे करते आणि त्यांच्यामुळे हल्ला पहिल्या क्षणापासून सारखा होतो. हे स्पष्टीकरण फार नंतरचं. काजळी टाकणाऱ्याला फक्त एवढंच माहीत की तिच्याशिवाय चमक येत नाही.

आपल्याकडे हे आम्ल बुधल्यांतून बोटीनं यायचं. मग 1919 मध्ये धरमसी मोरारजी केमिकल कंपनी निघाली आणि अंबरनाथला गंधकाम्ल बनू लागलं. योगायोग असा की विषारी पदार्थांच्या विक्रीवरचा कायदा, म्हणजे पॉयझन्स ॲक्ट, तोही 1919 चाच. आम्ल घरच्या घरी बनायला लागलं आणि ते विकण्यावर लगाम घालायचं कलमही त्याच साली लिहिलं गेलं. तो लगाम पुढं जवळजवळ शंभर वर्षं सैलच राहिला. अण्णा तेजाबाची बाटली किराणा आणावा तशी बाजारातून आणायचे.

आता दुकानात या.

दिवाळीच्या आधी पंधरवडा आणि लग्नसराईत आमच्याकडे नवं घडवण्यापेक्षा उजळायचं काम जास्त असे. बाई दागिना घेऊन आली की पहिलं काम काटा. काचेच्या पेटीतला, वारा लागू नये म्हणून दार ओढून घ्यायचा. गुंजा सरकारनं कधीच बाद केल्या होत्या, पण तोंडात त्याच होत्या: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. अण्णा वजन मोठ्यानं म्हणायचे आणि बाई मान डोलवायची. काही जणी तेवढ्यावर समाधान मानत नसत. आमच्या गल्लीतल्या एक काकू घरून वजन करून यायच्या, पलीकडच्या सराफाकडून. त्यांचं आणि आमचं जुळलं की मगच पाटली हातातून सुटायची. सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातूनही खातो, असं लोक म्हणतच असत आणि अण्णांना त्याचा राग येत नसे. ‘म्हणू देत. म्हणूनच तर डोळ्यांदेखत करायचं,’ एवढंच म्हणायचे.

मग दागिना बघायचा. नथ असली तर बाजूला, कारण मोती म्हणजे चुन्याचाच क्षार. आम्लात गेला की बुडबुडे येऊन विरतो. ठुशी, कोल्हापुरी साज यांचे मणी पोकळ आणि आत लाख भरलेली. ते तापवले की लाख वितळून भोकांतून वाहते. म्हणजे शेगडीवर जाणार त्या भरीव वस्तू: पाटल्या, गोठ, तोडे, अंगठ्या. दागिना निखाऱ्यांवर अगदी मंद तापवायचा. लाल नाही करायचा, तेल-मळ जळण्याइतकाच. मग बाहेर काढून निववून पातळ गंधकाम्लात. पातळ म्हणजे आधी पाणी, मग त्यात धारेनं आम्ल. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं, हे मला पाटीवर अक्षरं गिरवायच्या वयात कळलं होतं. बरणीत दागिना गेला की काळा रंग धुरासारखा सुटायचा आणि पाण्याला हळूहळू निळी झाक यायची. ती निळाई म्हणजे तांबं. दागिन्यातून गेलेलं.

या बरणीत लोखंडी चिमटा घालायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. लाकडाची काडी किंवा तांब्याचा चिमटा. एकदा एका नव्या पोऱ्यानं लोखंडी चिमट्यानं तोडे उचलले आणि तोडे तांब्यासारखे लाल होऊन बाहेर आले. बाई समोर बसलेली. तिला वाटलं, सोनं बदललं. अण्णांनी शांतपणे तोडे पुन्हा तापवून, ताज्या आम्लात टाकून पिवळे करून दिले, पण ती बाई परत आमच्या पायरीवर चढली नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी विस्थापन अभिक्रिया शिकवली, तेव्हा मला तेच तोडे दिसले. लोखंड आम्लात उतरतं, निळ्या पाण्यातलं तांबं जागा शोधत जवळच्या धातूवर बसतं. सोन्यावर बसलेलं ते बाईच्याच दागिन्यातून निघालेलं तांबं होतं.

पुढचं काम रिठ्याचं. भिजवलेल्या रिठ्याच्या फेसात तारेच्या ब्रशानं दागिना घासायचा, पाण्यात खळबळवायचा आणि लाकडाच्या भुशात लोळवून कोरडा करायचा. पुन्हा काटा. साध्या उजळणीत काट्याला फरक जेमतेम कळायचा. दागिना लख्ख हवा, पिवळाधमक हवा, नव्यासारखा हवा असा हट्ट असेल तर मात्र रंग काढावा लागे. त्याचं मिश्रण निराळं: सोरा, मीठ, तुरटी. युरोपातल्या सोनारांच्या पुस्तकांत दोन भाग सोरा, एक भाग मीठ, एक भाग तुरटी असं प्रमाण मिळतं. अण्णा चिमटीनं मोजत आणि वर थोडा गेरू घालत. हे मिश्रण गरम झालं की त्यातून क्लोरीन निघतो, तो पृष्ठभागावरचं तांबं आणि चांदी काढून नेतो आणि उरतो तो निव्वळ सोन्याचा पातळ, मखमली थर. जुन्या मोहनमाळेवरचा किंवा पुतळ्यांवरचा तो मऊ, न चकाकणारा पिवळा रंग लोकांना सोन्याचा अस्सल रंग वाटतो. आज ‘गेरू पॉलिश’ म्हणून शोरूममध्ये वेगळे पैसे मोजून घेतात तो त्याचाच वारस. यात तोळ्यामागे अर्धी गुंज तूट धरायची, असं अण्णांचं माप होतं, आणि ते काम हाती घ्यायच्या आधी सांगायचं. तूट ऐकून निम्म्या बायका साध्या उजळणीवर यायच्या.

जानेवारी 1963 मध्ये हे सगळं उलटंपालटं झालं. चीनचं युद्ध नुकतंच संपलेलं, परकीय चलनाची टंचाई, सोन्याची चोरटी आयात जोरात. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायचा नाही. देशभर सोनारांची ऐरण थंडावली, मोर्चे निघाले, काहींनी जीव दिले. मी तेव्हा मराठी शाळेत होतो. अण्णांनी काही दिवस दुकान उघडलंच नाही, मग उघडलं आणि पायरीवर बसून राहायला लागले.

14 कॅरेट म्हणजे हजारांत साधारण 585 भाग सोनं. बाकी जवळजवळ निम्मा दागिना तांब्या-चांदीचा. तो लालसर दिसतो, अंगावर लवकर मळतो. मंगळसूत्राच्या वाट्या हातात घेऊन बायका म्हणायच्या, ‘अण्णा, हे तर तांबं.’ आणि इथं रंग काढायच्या त्या जुन्या मिश्रणाला नवे दिवस आले. वरच्या थरातली भेसळ काढून टाकली की 14 कॅरेटची वाटी वरून चोख दिसते. कायदाही मोडत नाही, गिऱ्हाईकही खूश. वाटी घासली जाऊन खालचं लाल दिसायला लागलं, की पुन्हा उजळायला यायची. मी पुढे जे काही वाचलं त्यात कळलं, की दक्षिण अमेरिकेतले कारागीर स्पॅनिश लोक येण्याआधीपासून सोनं-तांब्याच्या मिश्रधातूवर हीच युक्ती करत होते. मला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. गरज तीच असेल तर माणूस त्याच वाटेनं जातो. अण्णांना ती वाट मोरारजींनी दाखवली.

चौदा कॅरेटची अट 1966 मध्ये उठली. नियंत्रण मात्र 1968 च्या कायद्यानं पक्कं झालं आणि 1990 पर्यंत चाललं. सोनार म्हणजे परवाना, नोंदवही आणि तपासणीस. त्या वर्षांत अण्णांनी ठरवलं, पोरगं शिकलं पाहिजे.

केराचं सांगायचं राहिलं. सोनाराच्या दुकानात झाडू मारला की केर उकिरड्यावर जात नाही. तो डब्यात साठतो. बरणीच्या तळाचा गाळ, कानशीचा भुगा, भुशातली धूळ, पाट झटकलेली माती, झिजलेले ब्रश. पूर्वी झारेकरी येऊन हे घेऊन जायचे आणि ओढ्यावर धुऊन त्यातलं सोनं काढायचे. आमच्या भागात ते काम गलाईवाल्यांकडे गेलं आणि त्यांनी त्याचा अखिल भारतीय धंदा केला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा. शेतात काही पिकत नाही म्हणून या गावांतले लोक सोनं-चांदी गाळायचं कसब घेऊन बाहेर पडले. तमिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली. जिथं सराफबाजार तिथं एखाद्या जिन्याखालच्या खोलीत सांगली जिल्ह्यातला मराठी माणूस भट्टी पेटवून बसलेला. पोरं तिथल्या शाळांत शिकतात, तमिळ-मल्याळम बोलतात आणि गावच्या यात्रेला येऊन पाहुण्यांत मराठी बोलताना अडखळतात.

त्यांची भट्टी मी पाहिली आहे. हिणकस सोन्यात तिप्पट चांदी मिसळून मुशीत वितळवायची आणि पाण्यात ओतून त्याच्या लाह्या करायच्या. सोनं शुद्ध करायला चांदी वाढवायची, हे नवख्याला उलटं वाटतं. पण सोन्याचं प्रमाण पाव भागावर आल्याशिवाय तेजाब आतपर्यंत शिरत नाही. या लाह्या नायट्रिकमध्ये उकळल्या की तांबडा-तपकिरी धूर भसाभसा निघतो, चांदी आणि तांबं पाण्यात उतरतं आणि तळाला राहतो विटकरी चिखल. धुऊन, वाळवून मुशीत टाकला की त्याचं सोनं होतं. वरच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. पट्ट्या झिजत जातात, पाणी निळं होतं आणि राखाडी चांदी गाळासारखी खाली बसते. काही वाया जात नाही, माणसाच्या छातीखेरीज. जुन्या गलाईवाल्यांचे पुढचे दात बघा. आम्लाच्या वाफेनं झिजून अर्धे झालेले असतात.

मी नोकरीला लागलो तिथं दागिने नव्हते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दिव्यांचे परावर्तक, फ्रिजच्या मुठी. पूर्वी हे सगळं बफच्या चाकावर घासून चमकवत. चाक माणसाला खातं आणि कोपऱ्यांत पोचत नाही. 1930 च्या सुमाराला फ्रान्समध्ये पिएर झाके यानं विजेच्या साहाय्यानं आम्लात धातू चकचकीत करायची रीत बसवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वीज न लावताही तेच साधणारे द्राव बाजारात आले. ॲल्युमिनियमसाठी मुख्यतः फॉस्फरिक आम्ल, त्यात थोडं नायट्रिक, कधी गंधकाम्ल, तापमान शंभर अंशांच्या आसपास. पट्टी बुडवायची, मिनिट-दोन मिनिटं हलवत ठेवायची आणि आरशासारखी बाहेर काढायची. फॉस्फरिक घट्ट असतं, त्याची साय धातूवर धरते. खळग्यांत ती जाड राहते, उंचवट्यांवर पातळ. म्हणून उंचवटे आधी विरघळतात आणि पृष्ठभाग सपाट होत जातो. चिंच फक्त मळ काढते, हे आम्ल धातूच कोरतं.

बाहेर काढायला उशीर झाला की पट्टीवर खड्डे, लवकर काढली की डाग. घड्याळापेक्षा धुराच्या रंगावर आणि बुडबुड्यांच्या आवाजावर काम चाले. आमच्याकडचे जुने टाकीवाले त्यात तरबेज होते. त्यांच्यातल्या एकाला एका संध्याकाळी धूर ओढणारा पंखा बंद असताना टाकीवर उभं केलं गेलं. ठसका लागला, पाणी प्याला, बरं वाटलं म्हणून पाळी संपवून सायकलनं घरी गेला. नायट्रोजन डायऑक्साइड असाच असतो. लागतो तेव्हा फार काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. मध्यरात्री त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. तो वाचला, पण टाकीवर परत आला नाही. व्यवस्थापनानं नोंदीत ‘सर्दी’ लिहिलं. ती कंपनी आज नाही आणि त्या नोंदीही नसतील.

तिथंही शेवटी तुटीचाच हिशेब. प्रत्येक पट्टीमागे काही मायक्रॉन ॲल्युमिनियम टाकीत उतरायचं, साठत जाऊन द्राव जड व्हायचा आणि पट्टीबरोबर आम्लही थेंबाथेंबानं बाहेर यायचं. महिन्याच्या अखेरीस खरेदी खात्याचा माणूस विचारायचा, फॉस्फरिक एवढं जातं कुठं? मी म्हणायचो, चकाकीत.

आता त्या बातमीकडे. दारात येणाऱ्या भामट्यांकडे असतं अम्लराज, म्हणजे साधारण तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. एकटं कुठलंच आम्ल सोन्याला शिवत नाही. दोघं मिळून ते विरघळवतात. बहुतेक बातम्यांत हळदीचा उल्लेख असतो: दागिने डब्यात किंवा कुकरमध्ये हळदीच्या पाण्यात ठेवा आणि थोडा वेळ उघडू नका. पोलीस म्हणतात वेळ काढायला. मला वाटतं हळद आणखी एका कामाची आहे. सोनं विरघळलेलं पाणी पिवळं होतं, आणि पिवळ्या पाण्यात पिवळं कुणाच्या लक्षात येणार? बाईच्या हाती पाटल्या येतात, चमकही असते, कडांची नक्षी मात्र बोथट झालेली. पाणी भामटा घेऊन जातो. अण्णा वजन मोठ्यानं सांगून जे करायचे, तेच हा न सांगता करतो. रसायनशास्त्र दोघांचं एकाच घराण्यातलं.

तेजाबाची बाटली आता सहज मिळत नाही. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात, लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013 मध्ये किरकोळ विक्रीवर बंधनं घातली: नोंदवही, ओळखपत्र, कारण, आणि अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही. योग्यच झालं. लहान सोनारांची अडचण झाली, तर त्यांनी ती सोसली पाहिजे. मुंबईत झवेरी बाजार-काळबादेवीच्या चाळींतल्या कारखान्यांची धुराडी महापालिका पाडत असते. त्या धुरात काय असतं हे माहीत असल्यामुळं मला तिथं वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची बाजू पटते, आणि खाली पोटमाळ्यावर झोपणाऱ्या बंगाली कारागिराचं काय, हे कुणी विचारत नाही याचा रागही येतो.

विट्याचं आमचं दुकान पुतण्या चालवतो. बरणी गेली, स्वनातीत लहरींचं यंत्र आलं. साबणाच्या पाण्यात दागिना ठेवायचा आणि बटण दाबायचं. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख कोरलेली. शुद्धता क्ष-किरणांचं यंत्र मिनिटात सांगतं. उजळणी बहुतेकदा फुकट करून देतात, गिऱ्हाईक टिकावं म्हणून, आणि फुकट असल्यामुळं आधी-नंतर वजन कुणी विचारत नाही.

शेजारच्या घरातला मुलगा कोइमतूरला गलाईचं दुकान सांभाळतो. तिथल्या दागिन्यांच्या कारखान्यांतून त्याच्याकडे बफची कापडं, झाडू, पायपुसणी, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं पोत्यांनी येतं. जाळतो, राख करतो, तेजाबात टाकतो. सोन्याचा दर मोबाइलवर सेकंदासेकंदाला हलतो, पण त्या पोत्यांचा भाव ती उघडून, हात घालून, दोघांनी तोंडी घासाघीस करूनच ठरतो.